कढीनिंबाचे बी वाट पाहत नाही

मराठी घर कोणत्याही मुलखात जाऊन वसले तरी त्याच्या परसात दोन गोष्टी हटकून सापडतात. एक तुळस आणि दुसरा कढीनिंब. तुळशीला शास्त्राचा आधार आहे, कढीनिंबाला कढीचा. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लश्कर शहर झाले. त्या लश्करात देशावरून आणि कोकणातून आलेली जी कुटुंबे स्थिरावली त्यांनी वाडे बांधले, विहिरी खोदल्या, आणि विहिरीच्या वाहत्या पाण्यावर कढीनिंब वाढवले. भाषेत हिंदी शब्द शिरले, जेवणात गव्हाची पोळी मुख्य झाली, पण फोडणीत चार पाने टाकल्यावाचून कढी खाली उतरली नाही.

आता वाडे एकामागून एक पडत आहेत. त्यांच्या जागी सदनिका उभ्या राहत आहेत, आणि सदनिकेला गच्ची असते, परस नसते. ज्यांना अजूनही झाड हवे आहे ते पावसाळ्यात रोपवाटिकेतून एक तरतरीत रोप आणतात, दिवाळीपर्यंत त्याचे कौतुक करतात, आणि पौषात ते काळे पडून गेले म्हणजे म्हणतात, “ग्वाल्हेरच्या थंडीत कढीनिंब टिकत नाही.” त्यांच्याच आजोबांच्या वाड्यात तो वर्षानुवर्षे टिकला होता, हे त्या वेळी आठवत नाही.

थंडी येथे आहेच. जानेवारीत एखाद्या रात्री पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो आणि सकाळी गवतावर पांढरे दहिवर दिसते. त्याला येथे ‘पाला’ म्हणतात. हिंदीतला पाला पडला की मराठीतला पाला जातो, असा आमच्याकडचा एक जुना विनोद आहे, आणि कढीनिंबाच्या बाबतीत तो शब्दशः खरा आहे. तरीही थंडी हे दुखण्याचे अर्धेच कारण. उरलेले अर्धे आपल्या हातात असते. ते समजून घ्यायचे तर या झाडाची बीपासूनची कथा पाहिली पाहिजे.

हिमालयाच्या पायथ्याचा रहिवासी

कढीनिंब म्हणजे दक्षिणेकडचे नाजूक झाड, अशी आपली समजूत असते, कारण दक्षिणेच्या स्वयंपाकात त्याचा वापर सढळ आहे. प्रत्यक्षात हे झाड हिमालयाच्या पायथ्याच्या रानांत आपोआप उगवते. कुमाऊँच्या बाजूस त्याला ‘गंधेला’ म्हणतात. तेथून पूर्वेस सिक्कीमपर्यंत ते आढळते आणि सुमारे दीड हजार मीटर उंचीपर्यंत चढते. त्या डोंगरउतारांवरचा हिवाळा काही मद्रासचा हिवाळा नव्हे.

नावामुळे आणखी एक घोटाळा होतो. आपण कढीनिंब, कढीलिंब किंवा गोडलिंब म्हणतो, येथील हिंदी शेजारी ‘मीठा नीम’ म्हणतात, पण कडुनिंबाशी त्याचे काही नाते नाही. त्याचे कुळ लिंबू, संत्रे, बेल आणि कवठ यांचे. बागेत सुगंधासाठी लावतात ती पांढऱ्या फुलांची कुंतीही त्याच घरातली. पान बोटांत चुरगाळून उजेडाकडे धरले तर लिंबाच्या पानासारखेच तेलाचे बारीक ठिपके दिसतात. सारा वास त्या ठिपक्यांत असतो. हे तेल उडून जाणारे असल्याने वाळलेल्या पानाला ताज्याची सर येत नाही. म्हणूनच बाजारातून महिन्याचा पाला आणून ठेवण्यापेक्षा दाराशी झाड असणे बरे.

त्याच्या शास्त्रीय नावात एका वैद्याची आठवण आहे. योहान गेऱ्हार्ड कोनिग हा लिनियसचा शिष्य. तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तामीळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी या डेन्मार्कच्या वसाहतीत आला, दक्षिणेतील वनस्पती गोळा करीत फिरला आणि १७८५ साली हिंदुस्थानातच वारला. ‘मुराया कोनिगी’ या नावातला कोनिग तो हाच. गंमत अशी की कढीची फोडणी कोणी वर्षभर घरात देवो, त्याच्या नावाची त्याला खबरही नसते.

बीची घाई

चैत्र-वैशाखात झाडाला पांढऱ्या फुलांचे तुरे येतात आणि पावसाच्या सुरुवातीला फळे धरतात. ती आधी हिरवी, मग तांबूस आणि शेवटी काळी-जांभळी होतात. आकार करवंदाहून लहान. आत थोडासा चिकट गोड गर आणि बहुधा एकच हिरवी बी. गर पाखरे आवडीने खातात. बी मात्र खाण्यासाठी नाही, आणि घरात लहान मुले असतील तर फळे त्यांच्या हाती लागू देऊ नयेत.

येथे आपली पहिली चूक होते. आपल्या घरात बियाणे म्हटले की ते उन्हात खडखडीत वाळवून, राख लावून डब्यात भरायचे, ही रीत. ज्वारी, गहू, भोपळा, मेथी या सगळ्यांना ती मानवते. कढीनिंबाला ती मारते. काही बिया अशा असतात की त्यांच्यातील ओल गेली की त्यांचा जीवही जातो. आंब्याची कोय, फणसाची आठळी आणि जांभळाची बी या जातीच्या आहेत. मागील वर्षीची आठळी पेरून फणस उगवला असे कोणी ऐकले नसेल. कढीनिंबाचे बी त्याच पंगतीतले. झाडावरून उतरल्यावर ते जेमतेम तीन आठवडे रुजण्याच्या स्थितीत राहते, आणि उन्हात वाळवले तर तितकेही नाही.

यातून एक ऐतिहासिक अनुमानही निघते. बैलगाड्यांच्या आणि लष्करी मुक्कामांच्या काळात पुण्याहून ग्वाल्हेरला यायला दीड-दोन महिने सहज लागत. कोणाच्या पदरात बांधलेले बी इतका प्रवास करून येथे रुजले असणे कठीण दिसते. आपल्या वाड्यांतील पहिली झाडे मातीच्या गोळ्यासह आलेल्या रोपांची तरी असतील, नाही तर जवळपासच्याच मुलखातली. म्हणजे ज्याला आपण आजवर ‘देशावरून आणलेला कढीनिंब’ म्हणत आलो तो कदाचित आपल्याआधीपासून इकडचाच असेल. याने कोणाच्या कुलाभिमानाला धक्का बसण्याचे कारण नाही. झाड कोठून आले यापेक्षा ते कोणी जगवले याला अधिक मोल आहे.

आजच्या आगगाडीच्या काळात अडचण कमी झाली आहे. पुण्याच्या मावशीने पिकलेली फळे न सोलता, ओलसर फडक्यात गुंडाळून येणाऱ्याबरोबर दिली तर ती दोन दिवसांत येथे पोचतात आणि उत्तम रुजतात. पण मावशीला त्रास देण्याचे तरी काय काम? ज्या झाडाने ग्वाल्हेरचे पंचवीस-तीस हिवाळे पाहिले आहेत त्याच्याखाली जाऊन फळे वेचावीत. येथली थंडी आणि येथली लू दोन्ही सोसून उभे राहिलेल्या आईची लेकरे केव्हाही पसंत करावीत. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने कढीनिंबाचे दोन वाण निवडले, त्यांतील पहिला थंडीत फुटवा धरायला कुचराई करतो आणि दुसऱ्याला थंडीची तेवढी तमा वाटत नाही. एकाच जातीच्या झाडांत थंडी सोसण्याची ताकद कमीजास्त असते, याचा हा चांगला दाखला आहे.

श्रावणातली पेरणी

आपला श्रावण आणि येथील हिंदी पंचांगाचा सावन यांत पंधरा दिवसांचे अंतर असते, हे ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला सांगायला नको. तो सावन लागल्यापासून आपला श्रावण संपेपर्यंतचा दीड महिना हाच कढीनिंबाच्या बीचा हंगाम समजावा. पूर्ण काळी पडलेली फळेच घ्यावीत. बोटांनी चिरडून गर काढावा, बी पाण्यात चोळून धुवावी आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पेरावी. गर तसाच ठेवला तर बुरशी धरते आणि मुंग्या लागतात.

कुंडी रुंद नसली तरी चालेल, पण खोल हवी, कारण या रोपाचे मूळ आधी सरळ खाली जाते. चांगली माती, नदीची वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत समभाग घ्यावे. कच्चे शेण घालू नये. बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या खोलीवर बी ठेवून वर माती सारखी करावी. कुंडी सावलीत असावी. माती ओली राहावी, चिखल होऊ नये. श्रावणातली उबदार दमट हवा या कामी फार उपयोगी पडते. दोन ते चार आठवड्यांत कोंब वर येतात. एखादी बी महिना उलटल्यावरही उगवते, म्हणून कुंडी लवकर उपडी करू नये.

इतकेही करायचे नसेल तर त्याहून सोपा मार्ग आहे. जुन्या झाडाच्या आसपास पावसाळ्यात नीट पाहिले तर पाखरांनी टाकलेल्या आणि आपोआप पडलेल्या बियांची बोटभर रोपे दिसतात. ती लहान असतानाच मुळासह अलगद काढून कुंडीत लावावीत. मात्र मुळाच्या फुटीतून आलेला अंकुर आणि बीचे रोप यांत फरक असतो. फुटव्याचे खालचे टोक आईच्या मुळाला जोडलेले असते, त्याची स्वतःची मुळे थोडीच असतात. तोडून लावलेला फुटवा लागतोही, परंतु बीच्या रोपाचे स्वतःचे सोटमूळ पहिल्यापासून खोल जाते आणि उन्हाळ्यात ते उपयोगी पडते.

पहिले दोन हिवाळे

आता मुख्य अडचणीकडे येऊ. या झाडाचे वेळापत्रक आणि ग्वाल्हेरचे वेळापत्रक जुळत नाही. बी श्रावणात तयार होते आणि ठेवता येत नाही. पेरले की चार-पाच महिन्यांत पौष येतो. तोवर रोप बोटभर झालेले असते. जुन्या झाडाची कडाक्याच्या थंडीत पाने गळतात, कोवळी टोके जळतात, पण खोड आणि मूळ शाबूत राहते व उन्हे तापताच ते पुन्हा फुटते. बोटभर रोपाच्या खोडात असा साठा कोठून असणार? एका रात्रीच्या दहिवराने ते संपते. कढीनिंब थंडीत टिकत नाही हे खरे नाही. तान्हा कढीनिंब थंडीत टिकत नाही, हे खरे आहे.

म्हणून पहिले दोन हिवाळे त्याला कुंडीतच ठेवावे. कार्तिकी एकादशी झाली की कुंडी दक्षिणेकडच्या भिंतीशी घ्यावी. तेथे दिवसभर ऊन लागते, आणि तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते. मार्गशीर्ष-पौषात रात्री ती ओसरीत किंवा घरात घ्यावी. दहिवराचा संशय असेल आणि कुंडी हलवण्यासारखी नसेल तर चार काठ्या रोवून वर गोणपाट टाकावे. ते पानांना टेकू देऊ नये, आणि सकाळी ऊन आल्यावर काढावे.

थंडीत पाणी फार कमी द्यावे. हवा सोळा-सतरा अंशांच्या खाली गेली की या झाडाची वाढ थांबते. झोपलेल्या झाडाला पाणी पाजत राहिले म्हणजे मुळे कुजतात. ग्वाल्हेरात थंडीने मेली असे समजली जाणारी कित्येक रोपे मुळे कुजून मेलेली असतात. घरातील माणूस मायेने रोज तांब्याभर पाणी घालतो आणि दोष थंडीला जातो. वरची माती बोटभर कोरडी झाली तरच, तेही सकाळी, थोडे पाणी द्यावे. खत मुळीच देऊ नये.

पाने पिवळी पडून गळाली तरी घाबरू नये आणि कुंडी टाकूनही देऊ नये. खोडावर नखाने किंचित खरवडून पाहावे. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. होळीपर्यंत वाट पाहावी. होळीनंतर कोंब दिसू लागले की शेंडा बोटभर खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात, आणि तेव्हाच मोठ्या कुंडीत हलवावे. वैशाखातल्या लूपासून दुपारची सावली द्यावी. पहिल्या वर्षी रोप वीतभर झाले तरी पुष्कळ झाले असे समजावे. तिसऱ्या पावसाळ्यात ते जमिनीत लावण्याजोगे होते. त्यापुढे त्याला आपली फारशी गरज उरत नाही.

या काळात पाने तोडण्याचा मोह टाळणे घरातील सर्वांना जड जाते. पाहुणे आले, पोहे करायचे आहेत, आणि झाड दाराशी आहे! तरी दुसरा हिवाळा सरेपर्यंत हात आवरावा. पुढेही सुटी पानोळी ओरबाडण्यापेक्षा पुरा देठ खुडावा. त्याने झाड घनदाट होते.

पिवळेपणा आणि सुरवंट

ऐन पावसाळ्यात नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर तो बहुधा लोहाच्या कमतरतेचा परिणाम असतो. जड, क्षारयुक्त पाण्यामुळे मातीतले लोह झाडाला घेता येत नाही. आपल्या आज्या आंबट ताक पाण्यात कालवून कढीनिंबाला घालीत. ताकाच्या आंबटपणाने थोडाबहुत गुण येतो. दुखणे जास्त असेल तर चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून महिन्यातून एकदा द्यावे आणि कुजलेले शेणखत वाढवावे.

पानांवर पाखराच्या विष्ठेसारखे काही दिसले आणि ते हलू लागले तर ते सुरवंट समजावे. लिंबावर वाढणारी काही मोठी फुलपाखरे कढीनिंबावरही अंडी घालतात. हे सुरवंट लहानपणी विष्ठेसारखे दिसून पाखरांना फसवतात आणि मोठेपणी हिरवेगार होतात. मोठ्या झाडावर ते असले तर असू द्यावेत, त्यांची फुलपाखरे बागेची शोभा आहेत. वीतभर रोपावर मात्र एकच सुरवंट दोन दिवसांत सगळी पाने फस्त करतो. तेथून त्याला उचलून मोठ्या झाडावर सोडावा.

जे आणखी थंड देशांत गेले

आपल्या प्रत्येक घरातले कोणी ना कोणी आज लंडन, टोरांटो किंवा अमेरिकेत आहे, आणि फोनवर पहिली चौकशी कढीनिंबाची होते. त्यांना येथून बी वा रोप पाठवण्याचा विचार करू नये. संत्र्याच्या बागांचा काळ ठरलेली सिला नावाची बारीक कीड कढीनिंबाच्या कोवळ्या फुटीवर वाढते. विदर्भातील संत्रेवाल्यांना ती चांगली परिचित आहे. फ्लोरिडात ती १९९८ साली आढळली आणि २००५ साली तिच्याबरोबर पसरणारा संत्र्याचा रोगही तेथे सापडला. त्यामुळे अमेरिकेत ताजा कढीनिंब बाहेरून नेण्यास मनाई आहे. तेथल्या मंडळींनी तेथलेच रोप घ्यावे आणि आपला ग्वाल्हेरचा नियम पाळावा. हिवाळ्यात घरात, सर्वांत उजेडाच्या खिडकीशी, गार काचेला पान न टेकवता, आणि पाणी हात राखून. उन्हाळ्यात बाहेर. तेथे झाड जन्मभर कुंडीतच राहील, पण फोडणीला कमी पडणार नाही.

वाडा पाडण्यापूर्वी

शेवटी ज्यांचे वाडे अजून उभे आहेत आणि ज्यांच्या विक्रीची बोलणी चालू आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. जुने झाड उपटून नव्या जागी लावणे बहुधा साधत नाही, मूळ फार खोल गेलेले असते. वाटणीच्या कागदात भांडी येतात, देव येतात, विहिरीचा हिस्साही येतो. परसातल्या झाडाचे नाव कोणी लिहीत नाही. पाडकाम सुरू झाले की पहिल्या दिवशी तेच जाते. पाडकाम हिवाळ्यात ठरले तर बी मिळण्याची वेळ टळलेली असते. मग मुळाचे फुटवे थोड्या मुळांसह काढून पाहण्यापलीकडे उपाय नसतो. म्हणून सौदा व्हायचा असो वा नसो, या श्रावणात झाडाखाली जाऊन ओंजळभर फळे वेचावीत. दुसऱ्या श्रावणाचा भरवसा झाडालाही नाही.

आणि बी पेरताना दोनच पेरू नयेत, वीस पेरावीत. दोन-तीन रोपे आपल्याकडे ठेवून बाकीची वाटावीत. संक्रांतीच्या वाणात मात्र ती देऊ नयेत, ते दिवस त्यांच्या प्रवासाचे नव्हेत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला द्यावीत. तोवर पहिला हिवाळा पार पडलेला असतो आणि नवी फूट आलेली असते. पन्हे, डाळ, भिजवलेले हरभरे आणि कढीनिंबाचे एक रोप. यात औदार्याइतकाच व्यवहारही आहे. पुढच्या एखाद्या कडक पौषात आपले रोप गेलेच, तर कोणाच्या तरी भिंतीशी त्याचे भावंड उभे असेल, आणि आपल्याच वाड्याच्या झाडाचे बी आपल्याला त्यांच्याकडून मागून आणता येईल.